पित्तनळीतलं पान आणि पळसपापडी

भादवा. बालाघाटात वैनगंगेकाठच्या बांध्या तुडुंब भरलेल्या, धुऱ्यावर गवत माजलेलं आणि बोडीच्या काठाला म्हैस चरतेय. ती ओढते त्या काडीवर, पाण्याच्या रेषेलगत, सुईच्या टोकाएवढा ठिपका चिकटलेला असू शकतो. घास पोटात जातो आणि एका अजब प्रवासाचा शेवटचा टप्पा सुरू होतो.

त्या ठिपक्यात असतं पर्णकृमीचं पिल्लू. डॉक्टर त्याला लिव्हर फ्लूक म्हणतात. आतड्यात ते कवच टाकतं, आतड्याची भिंत भेदून पोटाच्या पोकळीत उतरतं आणि तिथून थेट यकृत गाठतं. कित्येक आठवडे यकृत पोखरून ते पित्तनळीत मुक्काम ठोकतं. तिथे त्याचा पानासारखा चपटा, तीन ते सात सेंटिमीटरचा कृमी होतो. त्याची अंडी शेणावाटे पाण्यात जातात. अंड्यातून निघालेल्या अळीला दिवसभरात ठराविक जातीची गोगलगाय सापडली नाही, तर ती मरते. सापडली, तर गोगलगायीच्या पोटात एकाच्या शेकडो होतात आणि पुन्हा गवतावर येऊन बसतात. इकडे म्हैस खंगते, दूध आटतं, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबू लागते.

कृमीने घर निवडलंय तेही कसं! यकृत म्हणजे शरीरात आलेलं विष मोडणारा कारखाना, आणि हा नेमका त्याच कारखान्यात बसलेला. म्हणजे औषधाला यकृताच्या तावडीतून निभावून याच्यापर्यंत पोचायचंय. ट्रायक्लाबेंडाझोल हे औषध यावर कडी करतं. यकृत त्याला मोडायला जातं आणि त्यातूनच त्याचं कृमिनाशक रूप तयार होतं!

झाडांनाही कृमी मारायची विद्या थोडीफार येते. बालाघाटच्या रानात फाल्गुनात पेटणाऱ्या पळसाची बी, म्हणजे पळसपापडी, आयुर्वेदात जंतांवर सांगितली आहे. तिच्यातलं पॅलासोनिन हे अंगावर फोड आणणाऱ्या भुंगेऱ्यांच्या विषाचं सख्खं भावंड. झाड आणि किडा, दोघांनी जवळपास एकच रसायन घडवलं! म्हणूनच पळसपापडी अंदाजाने पाजायची वस्तू नव्हे.

झाडाचा वार कृमीच्या कातडीवरही पडू शकतो. पर्णकृमीची कातडी निर्जीव साल नसते. ती जिवंत असते, तिच्यातूनही तो अन्न शोषतो. शिलाँगच्या विद्यापीठात मेघालयातल्या सोहफ्लांग या कंदाच्या सालीचा अर्क काचेच्या ताटलीत वापरला, तेव्हा आतड्यात राहणारे पर्णकृमीचे भाऊबंद लुळे पडले आणि त्यांची हीच कातडी फाटली.

पण काचेच्या ताटलीत मेलेला कृमी पित्तनळीत मरेलच असं नाही. चिनी दवण्यापासून आलेलं आर्टेसुनेट व्हिएतनाममध्ये पर्णकृमी झालेल्या माणसांना देऊन पाहिलं. पोटदुखी लवकर थांबली, पण तीन महिन्यांनी पाहता ट्रायक्लाबेंडाझोलच सरस ठरलं.

गोरखपूरच्या संशोधकांनी वेगळीच वाट धरली. कृमीला सोडून त्यांनी गोगलगाय गाठली आणि ती लसणाच्या अर्काने मरते असं दाखवलं. साखळीची सर्वांत कच्ची कडी यकृतात नाही, पाण्यात आहे. म्हशीला धानाची काडी घालताना पाण्यात बुडालेला बुडखा कापून टाकला, तरी ते बारीक ठिपके बरेचसे मागेच राहतात. विळ्याच्या एका फटक्याचं काम.