मोडीत नको, मांडणीत!

दिवाळीची साफसफाई निघाली की माळा रिकामा होतो, आणि नेमकी त्याच आठवड्यात भंगारवाल्याची गाडी दारावरून जास्त वेळा फिरते. त्यालाही ठाऊक असतं ना! पितळेचा गुंड, काच फुटलेला कंदील, आजेसासूबाईंचं पानदान... ‘ठेवायचं कुठं?’ एवढा एकच प्रश्न, आणि तासाभरात सगळं तराजूत. मग त्याच पैशांत घरी येतात प्लास्टिकची फुलं, धबधब्याचं पोस्टर आणि जुना दिसणारा नवा कंदील! हसू नका मैत्रिणींनो, हे घराघरांत चालतं.

आम्ही आलापल्लीचे. आमचं अर्धं घर आता स्लॅबचं आहे, पण समोरची सपरी अजून कवेलूची आणि सागाच्या खांबांची. सागाचं आम्हाला काय कौतुक? भामरागड रस्त्यावरच्या ‘वनवैभव’मध्ये अजस्र जुने साग उभे आहेत. २०१४ मध्ये त्या जंगलाला जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, महाराष्ट्रात पहिला! २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी सागवान गेलं तेही बल्लारपूरहून, आपल्याच चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यातलं. जग आपल्याकडून साग नेतं आणि आपण सागाची मांडणी मोडून तिथं फायबरचं रॅक ठोकतो. आहे की नाही गंमत?

खरं सांगायचं तर जुन्या वस्तूंकडे बघण्याची माझी नजर बदलली ती भांड्यांच्या वाटणीच्या दिवशी. सासूबाई गेल्या, वर्षश्राद्ध झालं आणि तिघी जावांनी बसून भांडी वाटायची ठरली. धाकटे भाऊजी म्हणाले, “किलोवर वाटा, म्हणजे भांडण नको.” वजनकाटाही आणला. थोरल्या जाऊबाई मात्र म्हणाल्या, “आधी घासू तर द्या!” त्यांनी चिंचेचा कोळ लावून मोठा गुंड घासायला घेतला. काळेपणा निघाला तशी गळ्याजवळ अक्षरं दिसू लागली. एक नाव, खाली ‘मामाकडून भेट’ आणि साल १९६१.

ते नाव आम्ही कुणीच कधी ऐकलेलं नव्हतं. ते सासूबाईंचं माहेरचं नाव! लग्नात बदललं, ते बदललंच. साठ वर्षं या घरात त्यांना त्या नावानं कुणी हाक मारली नाही. घर सासऱ्यांच्या नावावर, शेती मुलांच्या नावावर, दारावरची पाटी ह्यांची. बाईचं स्वतःचं नाव उरलं होतं ते एका गुंडाच्या गळ्यावर. आम्ही तिघी थोडा वेळ काही बोललोच नाही. मग ताईंनी वजनकाटा उचलून आत नेऊन ठेवला. वाटणी झाली, पण किलोवर नाही. ज्या भांड्याशी जिची आठवण जोडलेली, ते तिचं. गुंड आता आमच्या सपरीत सागाच्या घडवंचीवर आहे, नाव दिसेल असा. पाहुण्यांना मी सांगते, “ह्या आमच्या आई.”

घरातल्या साध्या वस्तूंचं मोल ओळखणारा एक माणूस पुण्यात होऊन गेला. दिनकर गंगाधर केळकर. दिवे, अडकित्ते, फण्या, पाय घासायच्या वज्री, स्वयंपाकघरातली भांडी, असल्या वस्तू त्यांनी गावोगाव फिरून गोळा केल्या. पत्नी कमलाबाईंची त्यांना मोठी साथ होती. अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्या संग्रहालयाला दिलं आणि १९७५ मध्ये सारा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. पुण्याला गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालय जरूर बघा. आपल्या आज्यांच्या हाताळणीतल्या वस्तू तिथं काचेआड मानानं बसल्या आहेत!

आता वळू या प्रवासातल्या वस्तूंकडे. आपला प्रवास म्हणजे काय, मार्कंड्याची महाशिवरात्र, चंद्रपूरच्या महाकालीची चैत्रातली यात्रा, सिरोंच्याहून पलीकडे काळेश्वर. पण तेवढ्यातही किती काय मिळतं! तेलंगणातल्या निर्मल गावची हलक्या लाकडाची रंगीत खेळणी घ्या. छत्तीसगडच्या बस्तरमधला ढोकरा घ्या. मातीच्या गाभ्यावर मेणाचे धागे गुंडाळायचे, वर पुन्हा माती लिंपायची, भाजताना मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओततात. वस्तू काढायला साचा फोडावाच लागतो, म्हणून एकासारखी दुसरी होत नाही. मोहेंजोदडोची ती प्रसिद्ध नर्तकी याच पद्धतीनं घडवलेली. आणि दूर कशाला, आपल्याच बाजारातली बांबूची टोपली, सूप, परडी यांच्यात कमी देखणेपण आहे का? शक्यतो करणाऱ्याच्याच हातून घ्या आणि त्याच्या मेहनतीशी घासाघीस करू नका.

मात्र काही वस्तू कितीही आवडल्या तरी घरी आणायच्या नाहीत. आपण जंगलात राहतो, म्हणून हे मुद्दाम लिहिते. जुन्या घरांत दारावर सांबराची नाहीतर चितळाची शिंगं टांगलेली असायची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं असली वस्तू मालकीच्या दाखल्याशिवाय बाळगता येत नाही, विकता-विकत घेता तर येतच नाही. वारशानं आली तर ९० दिवसांत वन विभागाला कळवावं लागतं. तुमच्या माळ्यावर असं काही असेल तर लपवू नका, कुणाला देऊनही टाकू नका, सरळ वन कार्यालयात जाऊन विचारा.

तसंच जुन्या देवळाच्या आवारातला कोरीव दगडाचा तुकडा, सिरोंच्याकडचे दगड झालेले लाकडाचे जीवाश्म, हे ‘आठवण म्हणून’ पिशवीत टाकायचे नाहीत. घरात शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा चित्र असेल तर तीही पुरातत्त्व खात्याकडे नोंदवावी लागते. हाही कायदा १९७२ चाच. आणि माडिया बांधवांच्या पूर्वजांच्या स्मृतिखांबाला कुणी किंमत सांगितली तर हात जोडून नाही म्हणा. दुसऱ्याचे पितर आपल्या दिवाणखान्याची शोभा कशी होतील?

सजवताना थोडं ध्यानात ठेवा. सगळं एकाच शोकेसमध्ये कोंबू नका, दुकान वाटतं! एका भिंतीवर एकच गोष्ट बोलू द्या. घंगाळात पाणी भरून अंगणातली फुलं सोडा. उखळ दाराशी ठेवून त्यात तुळस नको, मूळ दगड राहू द्या, मुलांना बसायला होतो. जात्याच्या वरच्या तळीचा खुंटा जपून ठेवा, तो हरवला की जातं मुकं होतं.

पितळ चिंचेनं किंवा लिंबू-मिठानं घासा, पण कोरलेल्या अक्षरांवर तारेची घासणी अजिबात नको. ढोकऱ्याला नुसतं कोरडं फडकं. पितळेच्या ज्या भांड्यात आंबट शिजवायचं, त्याला कल्हई हवीच. लाकडाला वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचा हात द्या, पण तेलाचं फडकं चुरगाळून ठेवू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून पसरून वाळवा. बांबूच्या वस्तूंना पावसाळ्यानंतर ऊन दाखवा, पूर्वी त्या चुलीवरच्या धुरात टांगत ते किडीपासून जपण्यासाठीच. जुने फोटो पावसाच्या बाजूच्या भिंतीवर लावू नका, आणि भिंत आणि फ्रेम यांच्यात बोटभर जागा सोडा, बुरशी लागत नाही.

शेवटचं आणि सगळ्यात स्वस्त काम. प्रत्येक वस्तूच्या मागे किंवा तळाशी एक चिठ्ठी लावा. कुठून आली, कुणी दिली, कोणत्या साली, एवढं पुरे. वयस्कर माणसं घरात आहेत तोवर एका दुपारी चहा घेऊन त्यांच्याजवळ बसा आणि त्यांच्याकडूनच विचारून लिहा. आणि बायकांची नावं लिहिताना दोन्ही लिहा हं, सासरचंही आणि माहेरचंही.