म्हैसूरची पदवीपूर्व महाविद्यालये

शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेला मुलगा आणि पदवीच्या वर्गात जाऊन बसलेला तरुण यांच्यामध्ये अवघ्या दोन वर्षांचे अंतर असते; परंतु बुद्धीचा कल, उपजीविकेचा मार्ग आणि जन्मभराचे स्नेहसंबंध हे बहुधा याच दोन वर्षांत ठरून जात असल्यामुळे, एखादे सरकार या वर्षांची तरतूद कशी करते यावरून त्याच्या शिक्षणविषयक दृष्टीची पारख करता येते. आपल्याकडे १९७५ साली दहा अधिक दोन हा आकृतिबंध आल्यापासून हा टप्पा कनिष्ठ महाविद्यालय या नावाने ओळखला जातो, आणि त्याचे वर्ग कुठे माध्यमिक शाळेच्या वरच्या मजल्यावर, तर कुठे वरिष्ठ महाविद्यालयाच्या आश्रयाने भरतात. कर्नाटकात मात्र या टप्प्याला पी.यू.सी., म्हणजे पदवीपूर्व शिक्षण, म्हणतात. त्याच्यासाठी तेथे सरकारचे निराळे खाते आहे, निराळे प्राचार्य व व्याख्याते आहेत आणि पुष्कळ ठिकाणी निराळी महाविद्यालयेही आहेत. बेळगाव-निपाणी-खानापूरकडच्या मराठी घरांना ‘पी.यू.सी.’ हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे. त्या व्यवस्थेचा इतिहास जेथे सर्वांत जुना आणि सर्वांत बोधप्रद आहे, ते शहर म्हणजे म्हैसूर.

या इतिहासाचा आरंभ एका विलक्षण परिस्थितीत झाला. १८३१ साली इंग्रजांनी मुम्मडी कृष्णराज वोडेयर यांच्या हातून संस्थानचा कारभार काढून घेतला. राजा गादीवर राहिला, पण वसूल, फौज आणि न्याय यांपैकी कशावरही त्याचा अंमल उरला नाही. अशा स्थितीत १८३३ साली याच राजाने म्हैसुरात एक मोफत इंग्रजी शाळा काढली. सत्ता गेल्यावर राजेलोक काय करतात याची उदाहरणे आपल्या इतिहासात विपुल आहेत आणि त्यांतील बरीचशी खेदजनक आहेत. या राजाने मात्र उरलेल्या साधनसंपत्तीचा एक भाग मुलांच्या अक्षरज्ञानासाठी वेगळा काढला. त्याच शाळेचा विस्तार होत होत पुढे महाराजा कॉलेज उभे राहिले. १८८१ साली संस्थान पुन्हा राजघराण्याच्या हाती आले आणि त्याच वर्षी म्हैसुरात मुलींची शाळा निघाली, जिच्यातून कालान्तराने महाराणी कॉलेजचा उदय झाला. पुण्यातील हुजूरपागेची शाळा १८८४ सालची, हे ध्यानात घेतले म्हणजे म्हैसूरने या बाबतीत किती लवकर पाऊल उचलले ते कळते.

या उभारणीत मराठी माणसांचाही वाटा आहे, आणि आपल्याकडे तो फारसा कोणाला ठाऊक नाही. तंजावरच्या भोसल्यांच्या आश्रयाने कावेरीच्या खोऱ्यात स्थायिक झालेल्या देशस्थ मंडळींमधून दक्षिणेतील संस्थानांना कित्येक कर्तबगार कारभारी मिळाले. १९०६ ते १९०९ या काळात म्हैसूरचे दिवाण असलेले व्ही. पी. माधवराव हे त्यांपैकीच, आणि त्यांच्यानंतर १९१२ पर्यंत त्या पदावर असलेले टी. आनंदराव हे तर बडोद्याचे सुप्रसिद्ध दिवाण सर टी. माधवराव यांचे चिरंजीव. त्यांच्यानंतर ती वस्त्रे मिळालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे कन्नड भूमीतले खरे, पण त्यांचे स्थापत्यशास्त्राचे शिक्षण पुण्याच्या कॉलेजात झालेले, आणि खडकवासल्याच्या धरणावर बसविलेल्या स्वयंचलित दरवाजांमुळे पुणेकरांना त्यांचे नाव आपल्याच माणसासारखे वाटते. त्यांच्याच दिवाणगिरीत, २७ जुलै १९१६ रोजी, म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले. ब्रिटिश मुलखाबाहेर, एका देशी संस्थानात निघालेले हे हिंदुस्थानातील पहिले विद्यापीठ होय.

विद्यापीठ झाले तेव्हा एक जुना प्रश्न पुन्हा पुढे आला. शाळेतून आलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला पदवीच्या विद्यार्थ्यांबरोबर एकाच सभागृहात बसवून, शंभर-दीडशे डोक्यांसमोर वाचल्या जाणाऱ्या व्याख्यानाची टिपणे घ्यायला लावणे हे त्याच्या हिताचे आहे काय? कलकत्ता विद्यापीठाच्या चौकशीसाठी नेमलेल्या सॅडलर आयोगाने १९१९ साली याचे उत्तर निःसंदिग्धपणे नकारार्थी दिले होते: शाळा आणि विद्यापीठ यांच्यामधली सीमारेषा इंटरमीजिएट परीक्षेवर आखावी, आणि या दोन वर्षांसाठी स्वतंत्र महाविद्यालये काढावीत. या विचाराची हवा असतानाच, १९२८ साली, म्हैसुरात युवराज कॉलेज हे इंटरमीजिएटच्या वर्गांसाठी निघाले. पुढे ते विज्ञानाचे पदवी महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. परंतु त्याचा जन्म झाला तो या मधल्या दोन वर्षांच्या सेवेसाठी, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

स्वातंत्र्यानंतर विद्यापीठीय शिक्षणाचा विचार करण्यासाठी १९४८ साली नेमलेल्या आयोगाने पुन्हा हेच सांगितले की, बारा वर्षांच्या अध्ययनानंतरच विद्यापीठात प्रवेश द्यावा आणि सुसज्ज इंटरमीजिएट महाविद्यालये उघडावीत. या आयोगाचे अध्यक्ष डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन हे १९१८ ते १९२१ या काळात म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. ते कलकत्त्यास जावयास निघाले तेव्हा विद्यार्थ्यांनी फुलांनी शृंगारलेली त्यांची गाडी स्वतः ओढीत रेल्वे स्टेशनापर्यंत नेली, ही आठवण म्हैसुरात अजून अभिमानाने सांगितली जाते. पुढे इंटरमीजिएट हे नाव गेले आणि त्याच्या जागी पदवीपूर्व वर्ग आला. तो आधी एका वर्षाचा होता, नंतर दोन वर्षांचा झाला. आज महाराजा आणि महाराणी या दोन्ही नावांची सरकारी पदवीपूर्व महाविद्यालये म्हैसुरात आहेत, आणि शहरातल्या व आसपासच्या तालुक्यांतल्या मुलामुलींना ती विद्यापीठाच्या उंबरठ्यापर्यंत नेऊन पोहोचवितात.

अशा सरकारी महाविद्यालयात विद्यार्थ्याला नेमके काय मिळते? प्रथम मिळते ती निवड. दोन भाषा आणि चार ऐच्छिक विषय, प्रत्येकी शंभर गुण, एकूण सहाशे, अशी या अभ्यासक्रमाची मांडणी आहे. इंग्रजी ही एक भाषा. दुसरी कन्नड, हिंदी, संस्कृत, उर्दू यांपैकी, अथवा सरकारी यादीतली अन्य कोणतीही, आणि त्या यादीत मराठीलाही स्थान आहे, ही बाब सीमाभागातील पालकांनी आवर्जून लक्षात ठेवावी. ऐच्छिक विषयांचे गट आद्याक्षरांनी ओळखले जातात. भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र घेणारा मुलगा आपला गट ‘पीसीएमबी’ म्हणून सांगतो, जीवशास्त्राऐवजी संगणकशास्त्र घेणारी मुलगी ‘पीसीएमसी’ म्हणते, आणि इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र यांचा कला शाखेचा गट ‘एचईपीएस’ या चार अक्षरांत मावतो. महाविद्यालय मोठे असण्याचा खरा लाभ येथे दिसतो. लहान खाजगी संस्था जे खपते तेवढेच विकते, म्हणजे विज्ञानाचे एक-दोन गट आणि थोडे वाणिज्य. तर्कशास्त्र, मानसशास्त्र, भूगोल किंवा एखादी अल्पसंख्य भाषा यांचा वर्ग मोजक्या मुलांसाठी चालविण्याचा खर्च सोसण्याची ऐपत आणि कर्तव्यबुद्धी मोठ्या सरकारी संस्थेकडूनच अपेक्षिता येते.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रयोगशाळा. विज्ञानाच्या विषयांत सत्तर गुण लेखी परीक्षेला आणि तीस प्रात्यक्षिकाला असतात. पण या तीस गुणांचे शैक्षणिक मोल त्यांच्या संख्येवरून ठरविता येणार नाही. दुसऱ्या वर्षाच्या रसायनातला परमँगनेटचा अनुमापन-प्रयोग पाहावा. शंकुपात्रात पिपेटने मोजून घेतलेले ऑक्झॅलिक आम्ल, त्यात विरल गंधकाम्ल. मग ते पात्र साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवावयाचे, कारण थंड द्रावणात ही क्रिया अतिशय मंद चालते. आणि मग ब्युरेटच्या तोटीवर डावा हात ठेवून, उजव्या हाताने पात्र फिरवीत, जांभळे द्रावण थेंबाथेंबाने सोडावयाचे. पहिले काही थेंब रेंगाळतात, पुढचे पडताच रंगहीन होतात, कारण क्रियेतून निर्माण होणारे मँगनीजच तिला वेग देते. आणि शेवटी एक थेंब असा पडतो की सारे द्रावण फिकट गुलाबी होते व तसेच राहते. ब्युरेटवरील आकडा तेथे वाचावयाचा. एक थेंब अधिक गेला तर प्रयोग पुन्हा करावा लागतो, आणि लागोपाठचे आकडे जुळेपर्यंत त्यावर भरवसा ठेवता येत नाही. हाताचा संयम, डोळ्यांची सावधानता आणि आपल्या नोंदीशी प्रामाणिक राहण्याची सवय ही येथे लागते. ज्या मुलाच्या घरी पुस्तकांचे कपाटदेखील नाही, त्याला काचेची ही उपकरणे हाताळावयास मिळतात ती केवळ सरकारी खजिन्यातून त्यांची तरतूद झालेली असते म्हणून.

तिसरी देणगी सहवासाची. म्हैसूरच्या विद्यापरंपरेने जी माणसे घडविली त्यांचा प्रारंभीचा प्रवास पाहिला तर परीक्षेच्या निकालावर सर्वस्व अवलंबून ठेवणाऱ्या आजच्या पालकांना धीर येईल. आर. के. नारायण यांचे वडील महाराजा कॉलेजिएट हायस्कुलाचे मुख्याध्यापक. तेथील ग्रंथालय मुलाला मोकळे होते. तरीही पुढे जगभर इंग्रजी लेखक म्हणून मान्यता पावलेला हा मुलगा विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत इंग्रजीतच नापास झाला, वर्षभर घरी बसून वाचीत राहिला, आणि १९३० साली महाराजा कॉलेजातून पदवीधर झाला. त्यांचे धाकटे बंधू आर. के. लक्ष्मण यांना मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टने प्रवेश नाकारला; ते महाराजा कॉलेजात शिकले, विद्यार्थिदशेतच व्यंगचित्रे काढू लागले, आणि अखेर त्याच मुंबईने त्यांना डोक्यावर घेतले. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास येथूनच पदवी घेऊन मुंबईला प्रा. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखाली संशोधन करावयास गेले. मराठी वाचकांनी ज्यांच्या कादंबऱ्या उमा कुलकर्णी यांच्या अनुवादांतून आपल्या मानल्या, ते एस. एल. भैरप्पाही दारिद्र्याशी झगडत महाराजा कॉलेजात तत्त्वज्ञान शिकले. संस्कृताचे एम. हिरियण्णा आणि इंग्रजीचे बी. एम. श्रीकंठय्या यांच्यासारखे अध्यापक, आणि पुढे ज्या कॉलेजात शिकले त्याचेच प्राचार्य व नंतर विद्यापीठाचे कुलगुरू झालेले कुवेंपु, अशी माणसे एका आवारात वावरत असली म्हणजे विद्येविषयीचा आदर मुलांना निराळा शिकवावा लागत नाही.

परंतु दरवाजा सर्वांना उघडा नसेल तर या साऱ्या वैभवाला अर्थ उरत नाही, आणि म्हैसूरच्या राज्यकर्त्यांना याची जाणीव होती. आपल्या शाहू छत्रपतींनी १९०२ साली कोल्हापुरात मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला आणि जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. म्हैसूरचे नाल्वडी कृष्णराज वोडेयर यांनी १९१८ साली न्यायमूर्ती मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून त्याच दिशेने पावले टाकली. पुढे, याच जिल्ह्यातील हुणसूर तालुक्यातून आलेले देवराज अर्स १९७२ साली मुख्यमंत्री झाले आणि मागासवर्गीयांच्या शिक्षणाचा प्रश्न राज्यकारभाराच्या अग्रस्थानी आला. आजही समाजकल्याण आणि मागासवर्ग कल्याण या खात्यांची मॅट्रिकोत्तर वसतिगृहे नसती, तर खेड्यातल्या कितीतरी मुलींचे शिक्षण दहावीलाच थांबले असते. निवासाची सोय ही शिक्षणाची जोडगोष्ट नव्हे; ती शिक्षणाची पूर्वअट आहे.

या संस्थांपुढचे संकट निराळेच आहे. अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, वैद्यकीयसाठी नीट, आणि या दोहोंच्या तयारीवर उभा राहिलेला खाजगी शिकवण्यांचा प्रचंड व्यापार यांच्यामुळे ही दोन वर्षे म्हणजे केवळ एक शर्यत आहे अशी समजूत दृढ होत चालली आहे. ऐपतदार घरे शिकवणी आणि महाविद्यालय एकत्र करणाऱ्या महागड्या संस्थांकडे वळतात, आणि सरकारी महाविद्यालय हे ज्यांना दुसरा मार्ग नाही त्यांच्यासाठी आहे, असे बोलले जाऊ लागते. हे बोलणे एकदा रूढ झाले की व्याख्यात्यांची रिकामी पदे भरण्याची निकड सरकारी दप्तराला वाटेनाशी होते आणि जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे कागद या मेजावरून त्या मेजावर फिरत राहतात. २०२२ साली महाराणी विज्ञान महाविद्यालयाच्या जुन्या वास्तूचा प्रयोगशाळा असलेला भाग कोसळला, तो अशा दिरंगाईविरुद्ध पुरेसा स्पष्ट इशारा होता. त्याच वेळी एक न्याय्य सुधारणाही झाली आहे: २०२४ साली दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला एकाच वर्षात तीन परीक्षांची संधी मिळू लागली आणि त्यांतील उत्तम गुण ग्राह्य धरले जाऊ लागले. वर्षभर घरी बसण्याची वेळ ज्या परीक्षापद्धतीने तरुण नारायणांवर आणली, तिच्यापेक्षा ही व्यवस्था निःसंशय अधिक माणुसकीची आहे.

सत्ता गेलेल्या राजाने १८३३ साली जे दातृत्व दाखविले, त्याहून अधिक दातृत्व लोकांनी निवडून दिलेल्या सरकारकडून अपेक्षिणे मुळीच गैर नाही. महाराष्ट्रातही अकरावी-बारावीच्या वर्गांना कोठेतरी सामावून घेतलेले पाहुणे मानण्याची सवय आता सोडून दिली पाहिजे. त्यांना स्वतःची इमारत, स्वतःचे ग्रंथालय, सुसज्ज प्रयोगशाळा आणि पूर्णवेळ अध्यापक मिळाले पाहिजेत, आणि प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी निदान एक मोठे सरकारी महाविद्यालय असे हवे की ज्यात मोलमजुरी करणाऱ्याच्या मुलीला तर्कशास्त्रापासून संगणकशास्त्रापर्यंत हवा तो विषय निवडता येईल. या गोष्टीला पैसा लागेल, आणि तो सरकारने दिला पाहिजे. मात्र तो मागण्याचे काम तुम्हा-आम्हा पालकांचे आहे, आणि आपल्या मुलांची नावे सरकारी महाविद्यालयाच्या पटावर घालून ती मागणी आपण खरी करून दाखविली पाहिजे.