ट्यूडर टोपी : आधी मांजरपाटात

सोळाव्या शतकातली इंग्लंडची चपटी लोकरी टोपी घरी शिवायची, तर महागड्या लोकरी कापडाला थेट कात्री लावू नका. आधी मांजरपाटाचा नमुना शिवा.

• इतिहास : १५७१च्या कायद्याने उमराव वगळता सहा वर्षांवरील लोकांना रविवारी व सणावारी देशी लोकरीची टोपी सक्तीची केली. टोपी करणाऱ्यांचा धंदा टिकावा, हा हेतू. १५९७मध्ये कायदा रद्द झाला. या टोप्या बहुधा विणून, मग कुटून घट्ट केलेल्या असत.

• माप : डोक्याचा घेर अधिक १ सेंमी सैलपणा, भागिले ६.२८, म्हणजे काठाच्या आतल्या वर्तुळाची त्रिज्या. ५७ सेंमीला ती साधारण ९ येते. माया सोडून ८वर कापा.

• तुकडे : माथ्याला सुमारे ३६ सेंमी व्यासाचे वर्तुळ, काठाला दोन कडी, डोक्याला एक पट्टी.

• जोडणी : माथ्याच्या कडेला धावदोरा घालून चुण्या पट्टीच्या मापात आणा. काठाच्या आतल्या मायेला बारीक काप द्या, म्हणजे वळणावर कापड ओढत नाही.

• शेवटी : टोपी घालून पाहा, दुरुस्त्या पेन्सिलीने नमुन्यावरच लिहा. मग टाके उसवा आणि तेच तुकडे लोकरी कापडावर मांडा. जाड कापड जागा खाते. घेर किंचित वाढवा.