चाकात जळणारे डिझेल

भल्या पहाटे शिराळ्याहून कोकरूड-आरळ्याच्या दिशेने रिकामे कॅन खडखडवीत जाणाऱ्या आणि ऊन चढण्यापूर्वी दूध, भाजी, वैरण यांनी हौदा भरून पेठ नाक्याकडे परतणाऱ्या पिकअप गाड्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला हे निराळे सांगावयास नको की, या तालुक्याच्या पश्चिम भागातील कित्येक कुटुंबांचा प्रपंच त्या चार चाकांवर चालतो, आणि लिटरमागे गाडी किती किलोमीटर जाते, या एका आकड्यावर त्या प्रपंचाची बरकत अवलंबून असते. गाडीवाले या आकड्याला ‘ॲव्हरेज’ म्हणतात. शब्द इंग्रजीतून आला असला तरी आता तो आपलाच झाला आहे.

माझ्या मावसभावाने गेल्या उन्हाळ्यात दोन मालकांच्या हाताखालून आलेली अशी एक पिकअप विकत घेतली. विकणाऱ्याने १३ चे ॲव्हरेज सांगितले होते. पदरात मात्र ९ पडू लागले. एका गॅरेजात नोझल व पंप उतरवून पाहावे लागतील असा निकाल मिळाला, आणि त्या खर्चाचा आकडा ऐकून तो तसाच माझ्याकडे आला. “दादा, गाडी नुसती डिझेल पितीया,” एवढीच त्याची कैफियत होती. पदार्थविज्ञान शिकविण्यात माझी हयात गेली असल्याने मी त्याला म्हणालो की, पाना उचलण्याआधी आपण वही उघडू.

कारण ऊर्जा नाहीशी होत नाही, हा निसर्गाचा जमाखर्च इतका चोख आहे की, त्यात एका पैचीही अफरातफर आजवर कोणाला करता आलेली नाही. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते. एक मेगाज्यूल म्हणजे शंभर किलोचे पोते एक किलोमीटर उंच उचलण्यास लागणारे कार्य. यातील मोठा हिस्सा रेडिएटर आणि धुराडे यांच्या वाटे उष्णतेच्या रूपाने हवेत जातो. रुडॉल्फ डिझेल याच्या इंजिनाची १८९७ साली आउग्सबुर्ग येथे रीतसर चाचणी झाली तेव्हा इंधनातील ऊर्जेपैकी सुमारे २६ टक्के कार्यात रूपांतरित झालेली पाहून त्या काळचे अभियंते चकित झाले होते. आजचे इंजिन अधिक कार्यक्षम असले, तरी गावोगाव थांबत जाणाऱ्या गाडीत ३० टक्के पदरात पडले तरी ठीक म्हणावयाचे. म्हणजे लिटरमागे सुमारे ११ मेगाज्यूल चाकांपर्यंत पोहोचतात. ते पुढे कोठे जातात, हा आमच्या तपासाचा विषय होता.

प्रथम मूळ आकड्याचीच रुजवात घातली. एकाच पंपावर, गाडी एकाच जागी उभी करून, नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावयाची, आणि तीन भरण्यांची सरासरी धरावयाची. कारण एका भरण्यात लिटर-दीड लिटरची चूक सहज होते. त्यानंतर पेठ नाक्यावरून महामार्गाने कराडच्या दिशेस निघालो आणि किलोमीटरचे दगड मोजीत गेलो. दगडांनी २५ सांगितले तेव्हा गाडीचे मीटर २४ वर होते. आधीच्या मालकाने मूळ मापापेक्षा थोराड टायर बसविले होते. चाकाचा घेर वाढला की एका फेऱ्यात गाडी अधिक जाते, पण मीटर मात्र फेरेच मोजीत राहते. अर्थात ९ चे ॲव्हरेज वस्तुतः ९.४ होते. शंभर किलोमीटरला ११.१ लिटर लागतात असे वाटत होते, ते १०.७ निघाले. विकणाऱ्याच्या शब्दाप्रमाणे ७.७ पुरावयास हवे होते. हिशेबात ३ लिटरची तूट होती.

नोझलवर माझा संशय का बसला नाही, तेही सांगितले पाहिजे. किर्लोस्करवाडीचा कारखाना ज्या जिल्ह्यात १९१० पासून उभा आहे, त्या जिल्ह्यातील जुन्या शेतकऱ्याला नदीकाठच्या डिझेल इंजिनाचा धूर वाचता येतो: काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त, निळसर म्हणजे ऑईल जळते आहे, आणि गरम इंजिनातून पांढरा धूर निघत राहिला तर डिझेल न जळताच बाहेर पडते आहे किंवा पाणी आत शिरले आहे. या गाडीचा धूर स्वच्छ होता, चढावर ओढ चांगली होती, टर्बोच्या नळीला चीर नव्हती. इंजिन आपले काम करीत होते. त्याने केलेले काम वाटेत कोणीतरी गिळत होते.

त्या दिवशी महामार्गावरून परतताना मी मुद्दाम भावाला शेवटच्या टप्प्यात ब्रेक लावू दिला नाही. गाडी आपोआप मंदावून थांबल्यावर मी खाली उतरलो आणि चारी चाकांजवळ हाताची पाठ धरली. तीन चाके कोमट होती. मागच्या डाव्या चाकाच्या ड्रमजवळ हात ठरेना, आणि करपलेल्या लायनरचा तो उग्र वास येत होता, जो एकदा ओळखला की माणूस जन्मभर विसरत नाही.

दुसऱ्या दिवशी सपाट जागी, बाकीच्या चाकांना दगडांची उटी लावून व हँडब्रेक सोडून, ते चाक जॅकवर उचलले. टायरभोवती दोर गुंडाळून त्याचे टोक शेजारच्या दुकानातून आणलेल्या तानकाट्याला अडकविले आणि काटा हळूहळू ओढला. चाक फिरू लागले तेव्हा काट्यावर १२ किलो होते. उजव्या चाकाला २ किलोंत काम झाले. म्हणजे १० किलोंचा एक अदृश्य हात डावे चाक अहोरात्र मागे धरून बसला होता.

दहा किलो ही काय मोठी बाब, असे कोणासही वाटेल, म्हणून गुणाकार करून पाहावा. १० किलोंचा जोर म्हणजे सुमारे ९८ न्यूटन. शंभर किलोमीटरपर्यंत तो सोसला म्हणजे ९.८ मेगाज्यूल खर्ची पडले, आणि चाकांपर्यंत लिटरमागे ११ मेगाज्यूल पोहोचत असल्याने हे झाले जवळजवळ ०.९ लिटर डिझेल! ताशी ५५ किलोमीटर वेगाने जाताना त्या ड्रममध्ये दीड हजार वॅट उष्णता निर्माण होत होती. आंघोळीचे पाणी तापविण्याची विजेची सळई बादलीत सोडावी, तशीच एक सळई जणू त्या चाकात दिवसभर चालू होती. म्युनिक येथे तोफांना भोके पाडण्याच्या कामावर देखरेख करताना कौंट रम्फर्ड याने बोथट हत्याराच्या घर्षणाने भांड्यातले थंड पाणी अडीच तासांत उकळवून दाखविले, आणि घर्षणातून उष्णता किती मुबलक निघते, हे १७९८ साली जगापुढे मांडले. ज्या प्रयोगाने उष्णतेविषयीची जुनी कल्पना डळमळली, तोच प्रयोग आमच्या अंगणात, विकतच्या डिझेलवर चालला होता.

ड्रम उतरविल्यावर कारण सापडले. चांदोलीकडच्या पावसात हँडब्रेकची केबल तिच्या नळीतच गंजली होती. हँडब्रेक सोडला तरी ती पुरती मागे सरत नव्हती, आणि दमलेली स्प्रिंग लायनरला ड्रमपासून दूर ओढू शकत नव्हती. केबल व स्प्रिंगा बदलल्या. दुसरे काहीही बदलले नाही. पुढच्या तीन भरण्यांची सरासरी शंभर किलोमीटरला ९.८ लिटर आली. वहीत आधी मांडलेली वजाबाकी टाकीने बरहुकूम खरी केलेली पाहून मला जो आनंद झाला, तो प्रयोगशाळेतही क्वचितच वाट्याला आला असेल.

राहिलेले काम मानाने साधे होते. मागच्या टायरांतील हवा दारावरच्या पट्टीवर छापलेल्या मापापेक्षा १५ पौंड कमी होती. मऊ टायर प्रत्येक फेऱ्यात दबतो व उसळतो, पण दबताना घेतलेली सर्व ऊर्जा रबर परत देत नाही, थोडी स्वतःच तापून खर्च करते. तपमानाचा काटा मात्र नेहमी खालच्या घरात का असतो, हे शोधताना असे आढळले की, कोणीतरी थर्मोस्टॅट काढूनच टाकला होता. गाडी गरम होऊ नये म्हणून ही तजवीज आपल्याकडे सर्रास केली जाते, आणि ती मला फार चुकीची वाटते. या छोट्या झडपेतले मेण सुमारे ८० अंशांच्या पुढे वितळून फुगते आणि तेव्हाच पाण्याला रेडिएटरची वाट मोकळी करते. ती नसली की इंजिन सदैव अर्धवट थंड राहते, ऑईल जाड राहते, आणि गाडीतला संगणक, इंजिन अजून तापलेच नाही असे समजून, त्या बेताने डिझेल सोडतो. हवा भरली, थर्मोस्टॅट बसविला, धुळीने बुजलेला एअर फिल्टर बदलला, आणि हिशेब ८.७ लिटरवर, म्हणजे साडेअकराच्या ॲव्हरेजवर आला.

तरीही १ लिटर शिल्लक राहिला, आणि भावाच्या मनात पुन्हा नोझल डोकावू लागले. मी त्याला विचारले, आधीचा मालक गाडी कोठे चालवीत असे? तर इस्लामपूर-मिरजेच्या सपाटीला. आणि हा? कोकरूड, चरण, आरळा, वाडीवस्तीच्या चढणी. मालासह ३ टनांची गाडी १०० मीटर उंच चढवावयाची तर सुमारे ३ मेगाज्यूल, म्हणजे पाव लिटरहून थोडे अधिक डिझेल लागते. उतारावर ही ठेव परत मिळावयाची असते, परंतु पुढे वळण आले की आपण ती ब्रेकच्या ड्रममध्ये ओतून टाकतो. शंभर किलोमीटरच्या वाटेत असे चार चढ आले, तर त्या लिटरचा पत्ता लागला.

यावर त्याने, उतारावर गाडी न्यूट्रल करू का, असे विचारले. हे कोणीही करू नये. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की आजचे इंजिन डिझेल घेणेच थांबविते, चाकेच त्याला फिरवितात आणि ब्रेकचा भार हलका होतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहण्यापुरते डिझेल जळतच राहते आणि गाडी मात्र केवळ ब्रेकच्या भरवशावर उरते. आता तो वळण दिसताच लांबूनच पाय उचलतो. गेल्या तीन भरण्यांची सरासरी ८.४ लिटर आहे, आणि प्रत्येक फेरीनंतर चारी चाकांजवळ हाताची पाठ धरून पाहण्याची सवय त्याच्या धाकट्या मुलाला लागली आहे.