नवं कार्ड टाकलं आणि स्क्रीन काळी? घाबरू नका!

डुमस, मगदल्ला, हजिऱ्याच्या बांधवांनो, जुन्या कॉम्प्युटरमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड टाकल्यावर स्क्रीन काळीच राहिली, तरी बोटीचे कागद, डिझेलची बिलं कुठं गेलेली नाहीत. ती हार्ड डिस्कमध्ये असतात, कार्डात नाही. म्हणून कुणी "फॉरमॅट मारतो" म्हणालं तर थांबवा. आधी मेन स्विच बंद करून प्लग काढा आणि एवढं बघा:

१. मॉनिटरची केबल नव्या कार्डालाच लावलीय ना? बरेचदा ती जुन्याच जागी राहते.

२. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. कार्डावर ६ किंवा ८ पिनांचं सॉकेट असेल, तर एसएमपीएसची वायर तिथं लावावीच लागते. जुना एसएमपीएस कमीही पडतो.

३. आपली हवा खारी. कार्डाच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरनं हलक्या पुसा, कार्ड नीट दाबून बसवा.

४. मदरबोर्डवरचा गोल सेल ५ मिनिटं काढून परत लावा. मग तारीख-वेळ नव्यानं भरा.

तरीही काळीच? जुनं कार्ड परत लावा. चित्र आलं तर मशीन ठीक आहे. नवं कार्ड खराब असेल, नाहीतर जुन्या मदरबोर्डला ते चालत नसेल. लगेच कागद पेनड्राइव्हवर घ्या, मगच दुकान गाठा.