बिल्डआधीची ४० मिनिटं

ऑक्टोबर २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या पिंटरेस्ट कंपनीतल्या अभियंत्यांनी आपला एक अनुभव जाहीरपणे मांडला. ‘पिनबोर्ड’ हा त्यांचा सर्वांत मोठा कोडसाठा. त्यात साडेतीन लाखांहून जास्त कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, होते आणि पूर्ण उतरवला तर तो २० जीबी भरत होता. बिल्ड करणाऱ्या यंत्रांना हा कोड नुसता आणायलाच ४० मिनिटं लागत. एक दिवस बिल्ड चालवणाऱ्या जेनकिन्स या साधनाच्या पाइपलाइनमध्ये एक ओळ बदलली गेली आणि तेच काम ३० सेकंदांत होऊ लागलं.

ती ओळ कुठल्या ब्रँच, म्हणजे कोडच्या कुठल्या समांतर शाखा, आणायच्या हे ठरवणारी होती. इतिहासातले फक्त शेवटचे ५० कमिट घ्यायचे, टॅग, म्हणजे कमिटवर लावलेल्या नावाच्या खुणा, घ्यायचे नाहीत, एवढी काटकसर त्यांनी आधीच केली होती. पण ब्रँचच्या जागी ‘सगळ्या’ असं लिहिलेलं राहिलं होतं. बिल्डला हवी होती फक्त मुख्य ब्रँच. इतक्या हुशार माणसांच्या कंपनीतही ही गोष्ट बराच काळ नजरेतून सुटली, कारण कोड आणण्याच्या पायरीकडे कोणी बघतच नाही. ती सगळ्यांत आधी येते, निमूट चालते आणि बहुतेक वेळा हिरवी टिक दाखवून संपते.

ज्यांचा या धंद्याशी रोजचा संबंध नाही, त्यांच्यासाठी थोडं मागून सांगायला हवं. प्रोग्रामरने कोडमध्ये बदल करून तो सर्व्हरवर पाठवला, की पुढचं काम आपोआप सुरू होतं. एखादं यंत्र तो कोड उतरवून घेतं, बिल्ड करतं म्हणजे त्यातून चालणारं सॉफ्टवेअर बनवतं, चाचण्या चालवतं आणि निकाल कळवतं. या साखळीला पाइपलाइन म्हणतात आणि काम करणाऱ्या यंत्राला रनर. हिंजवडीतली कंपनी असो की सिअ‍ॅटलमधली, पद्धत साधारण हीच. एका बदलासाठी एकच काम निघालं असतं तर उशीर खपून गेला असता. पण एका बदलामागे दहा-वीस कामं निघतात. अँड्रॉइडसाठी वेगळं, आयफोनसाठी वेगळं, चाचण्यांचे पाच तुकडे पाच यंत्रांवर. प्रत्येक काम आपापला कोड नव्याने मागतं. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये विंडोजचे आकडे सांगितले तेव्हा ४४० ब्रँचवर मिळून रोज १,७६० बिल्ड निघत होती. अशा ठिकाणी दर बिल्डमागे दोन मिनिटं वाया गेली, तरी रोजचे साठेक तास होतात.

हा भार येतो कोडमधल्या बदलांचा इतिहास राखणाऱ्या गिट या प्रणालीच्या रचनेतून. त्याआधीच्या बिटकीपर या तशाच प्रणालीचा मोफत वापर बंद झाला, तेव्हा एप्रिल २००५ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलच्या कामासाठी गिट लिहिलं. जगभर विखुरलेल्या प्रत्येकाकडे अख्खा साठा असावा, पहिल्या दिवसापासूनचा इतिहास असावा, नेट नसतानाही जुना बदल उघडून पाहता यावा, ही त्यामागची कल्पना. माणसासाठी ती फार सोयीची आहे. तो एकदा क्लोन करतो, म्हणजे साठ्याची प्रत उतरवून घेतो, आणि वर्षानुवर्षं त्याच फोल्डरमध्ये काम करतो. पण पाइपलाइनमधला रनर बऱ्याचदा दहा मिनिटंच जगतो. लिनक्स कर्नलच्या इतिहासाने २०२० मध्ये दहा लाख कमिटचा टप्पा ओलांडला. तो सगळा इतिहास दहा मिनिटांच्या यंत्रावर ओतायचा आणि लगेच पुसून टाकायचा, यात शहाणपण नाही.

पहिला उपाय म्हणजे उथळ क्लोन. आपल्याकडे जमीन आज कोणाच्या नावावर आहे एवढंच पाहायचं असेल, तर चालू सातबारा पुरतो. मागचे सगळे फेरफार काढत बसावं लागत नाही. गिटला ‘डेप्थ १’ सांगितलं की ते फक्त शेवटचा कमिट आणि त्या घडीच्या फायली देतं. गिटचे साठे सांभाळणाऱ्या गिटहबच्या अ‍ॅक्शन्समध्ये कोड आणून देणाऱ्या ‘चेकआउट’ या पायरीच्या दुसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २०१९ पासून, न सांगताही हेच होतं. तशीच सेवा देणाऱ्या गिटलॅबने नव्या प्रकल्पांसाठी आधी ५० आणि पुढे २० कमिटची मर्यादा घातली.

मात्र काही कामांना फेरफार लागतातच. अनेक प्रकल्प आपला आवृत्ती क्रमांक मागच्या टॅगवरून काढतात. उथळ क्लोनमध्ये तो टॅग नसतो. मग ‘नो नेम्स फाउंड, कॅनॉट डिस्क्राइब एनिथिंग’ अशी लाल ओळ येते आणि काल चालणारं बिल्ड आज का पडलं, यावर अर्धा दिवस जातो. कुठली ओळ कोणी कधी बदलली हे पाहून अहवाल देणारी साधनंही अशा क्लोनवर अडतात.

उथळ क्लोनची दुसरी बाजू फारशी कोणाला दिसत नाही, कारण तिचा भार सर्व्हरवर पडतो. उथळ प्रत एकदा घेऊन फेकून दिली तर ठीक. पण तीच ठेवून पुन्हापुन्हा ताजी करायला गेलं, की या प्रतीत नेमकं काय आहे आणि काय नाही, हे सर्व्हरला दर वेळी नव्याने मोजावं लागतं. आयफोनच्या प्रोग्रामरांना लायब्रऱ्या पुरवणाऱ्या कोकोपॉड्सच्या सामायिक साठ्याला २०१६ मध्ये याच कारणाने गिटहबवर वेगमर्यादा लागली. डिसेंबर २०२० मध्ये मॅकवर लोकप्रिय असलेल्या होमब्रू या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनाने उथळ प्रती अद्ययावत करणं बंद केलं आणि हे गिटहबच्या विनंतीवरून केल्याचं वापरणाऱ्यांना स्पष्ट सांगितलं. आपली दोन मिनिटं वाचवताना दुसऱ्याचा सर्व्हर दमत असेल, तर तो हिशेबही मांडायला हवा.

म्हणून जिथे रनर कंपनीचे स्वतःचे आहेत आणि त्यांची डिस्क टिकून राहते, तिथे कॅशिंगचा, म्हणजे एकदा आणलेलं जवळ ठेवून पुन्हा वापरण्याचा, रस्ता जास्त भक्कम आहे. त्या यंत्रावर साठ्याची एक पूर्ण प्रत कायम ठेवायची. तिला मिरर म्हणतात. बिल्ड आलं की आधी मिरर ताजा करायचा, म्हणजे कालपासून आजपर्यंतचे चार-दोन कमिट तेवढे आणायचे. मग कामासाठीचा क्लोन करताना गिटला ‘रेफरन्स’ म्हणून त्या मिररकडे बोट दाखवायचं. गिट आणि सर्व्हर यांच्यात आधी एक छोटी बोलणी होतात. रनर सांगतो, हे हे माझ्याकडे आहे, ते ते हवं आहे. सर्व्हर फक्त फरक बांधून पाठवतो. एरवी ‘रिसीव्हिंग ऑब्जेक्ट्स’ या ओळीपुढची टक्केवारी रेंगाळत वर चढते. मिरर असेल तर ती ओळ डोळा लवतो न लवतो तोच निघून जाते. जेनकिन्सच्या गिट प्लगिनमध्ये याची सोय आहे, बिल्डकाइटच्या एजंटमध्ये आहे, आणि अँड्रॉइडचा प्रचंड कोड आणणाऱ्या ‘रेपो’ या साधनातही आहे.

कॅशे म्हटलं की सगळ्यांना धास्ती असते ती शिळ्या मालाची. वेबसाइट बदलली तरी ब्राउझर जुनंच पान दाखवतो, हा अनुभव कोणाला नाही? गिटमध्ये ही धास्ती जवळजवळ उरत नाही, आणि ते फार सुंदर आहे. गिट प्रत्येक फाइल, प्रत्येक फोल्डर, प्रत्येक कमिट एक ऑब्जेक्ट म्हणून ठेवतं आणि त्याचं नाव त्याच्या आतल्या मजकुरावरूनच काढतं. एसएचए-१ या गणिती पद्धतीने ४० अक्षरांचा एक ठसा निघतो, तेच नाव. मजकुरात स्वल्पविराम बदलला तरी नाव बदलतं. त्यामुळे त्या नावाचं ऑब्जेक्ट एकदा डिस्कवर आलं की ते दोन वर्षांनीही तेच असतं. शिळं होणं त्याला माहीतच नाही. बदलते ती फक्त ‘मुख्य ब्रँच आता कुठल्या कमिटवर आहे’ ही काही अक्षरांची नोंद, आणि ती दर वेळी सर्व्हरला विचारून घेतली जाते. भार सगळा न बदलणाऱ्या भागात आणि बदलणारा भाग चिमूटभर, अशी वाटणी कॅशिंगसाठी क्वचितच मिळते.

तरी मिरर लावला आणि विसरून गेलो, असं चालत नाही. रेफरन्सने केलेला क्लोन ऑब्जेक्टची प्रत करत नाही, फक्त मिररच्या फोल्डरचा पत्ता ‘अल्टरनेट्स’ नावाच्या छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवतो. आता बिल्ड डॉकर कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी यंत्रापासून वेगळ्या कप्प्यात, चालत असेल आणि मिररचं फोल्डर त्या कंटेनरला जोडायचं राहिलं असेल, तर पत्ता आहे पण घर नाही अशी गत होते आणि गिट ‘बॅड ऑब्जेक्ट’ म्हणून थांबतं. मिररवर सफाई चालली आणि ज्याच्यापर्यंत कुठलीच ब्रँच पोचत नाही असं ऑब्जेक्ट पुसलं गेलं, तरी त्यावर विसंबलेला क्लोन मोडतो. गिट अशी ऑब्जेक्ट सहसा दोन आठवडे राखून ठेवतं, त्यामुळे अल्पायुषी बिल्डला बहुधा धक्का लागत नाही. जिथे क्लोन जास्त दिवस राहणार असेल, तिथे ‘डिसोसिएट’ हा पर्याय देऊन लागणारी ऑब्जेक्ट स्वतःकडे उतरवून घेणं बरं.

दोन बिल्ड एकाच क्षणी मिरर ताजा करू लागली तर दुसऱ्याला कुलपाची फाइल आडवी येते. एखादं बिल्ड मध्येच मारलं गेलं तर ती फाइल मागे राहते आणि पुढची सगळी बिल्ड तिच्यापाशी अडकतात. म्हणून मिररभोवती आपलं वेगळं कुलूप हवं आणि ठरावीक वेळेनंतर ते सोडवायची सोय हवी. कामाचं फोल्डरच पुढच्या बिल्डसाठी ठेवणाऱ्यांनी आधीच्या बिल्डचा उरलासुरला कचरा साफ करायला हवा. नाहीतर जुनी फाइल तिथे पडलेली असल्यामुळे चाचणी पास होते आणि दोष गिऱ्हाइकाकडे जाऊन उघडा पडतो. हा वेग फार महाग पडतो. बाहेरच्या अनोळखी माणसाने पाठवलेला कोड ज्या रनरवर चालतो, त्या रनरने कंपनीच्या खाजगी मिररला हातही लावू नये, हेही इथेच सांगितलं पाहिजे.

भाड्याच्या रनरची गोष्ट वेगळी. गिटहबने दिलेलं यंत्र दर कामाला कोरं मिळतं, डिस्कवर आधीचं काही नसतं. तिथे कॅशे म्हणजे नेटवरच्या साठवणीत ठेवलेलं एक गाठोडं. प्रत्येक साठ्याला साधारणपणे १० जीबी जागा मिळते आणि सात दिवस कोणी हात लावला नाही तर गाठोडं काढून टाकलं जातं. ते गाठोडंही शेवटी नेटवरून उतरवायचं आणि सोडायचं असतं. मध्यम आकाराच्या प्रकल्पात गिटचा साठा असा कॅशे करण्यापेक्षा उथळ क्लोन बहुतेकदा लवकर होतो. अशा ठिकाणी कॅशेचा खरा फायदा बाहेरून येणाऱ्या लायब्रऱ्यांना मिळतो. खाजगी साठ्यांसाठी तिथे मोफत मिनिटं संपली की मिनिटांवर पैसे मोजावे लागतात आणि प्रत्येक कामाचं अर्धं मिनिटही पूर्ण धरलं जातं, म्हणून छोट्या कंपन्यांनी एकदा स्वतः घड्याळ लावून पाहावं.

कॅशे सर्व्हरच्या बाजूलाही ठेवता येतो. गिटलॅबला आपल्याच मुख्य साठ्याच्या बाबतीत हा प्रश्न आला. एका बदलामागे शेकडो कामं निघायची आणि सर्व्हर त्या सगळ्यांसाठी तोच पॅक, म्हणजे ऑब्जेक्टचा गठ्ठा, पुन्हापुन्हा बांधत बसायचा. सुरुवातीला त्यांनी साठ्याची तयार प्रत क्लाउडमध्ये ठेवली. काम सुरू होताना ती आधी उतरवायची आणि उरलेला फरक गिटकडून घ्यायचा. पुढे त्यांच्या गिटली या सेवेत पॅकचाच कॅशे आला. एकदा बांधलेला पॅक डिस्कवर ठेवायचा आणि तोच सगळ्यांना द्यायचा. त्याचं ठरलेलं आयुष्य अवघं पाच मिनिटांचं आहे. एका बदलाची सगळी कामं साधारण एकदमच सुटतात, त्यामुळे तेवढं पुरतं.

साठा फारच मोठा असेल तर मात्र नुसता कॅशे पुरा पडत नाही, कारण वेळ नुसता नेटवर जात नाही, फायली डिस्कवर मांडण्यातही, म्हणजे चेकआउटमध्येही, जातो. विंडोजचा कोड गिटमध्ये आणला तेव्हा तो सुमारे ३०० जीबी भरला, ३५ लाख फायली. क्लोनला १२ तासांहून जास्त आणि चेकआउटला दोन-तीन तास लागत. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी वेगळी फाइल व्यवस्थाच लिहिली. जी फाइल उघडली जाईल तीच खरोखर उतरायची. क्लोन काही मिनिटांवर आला, चेकआउट ३० सेकंदांवर. त्या अनुभवातून बरंच काही पुढे मूळ गिटमध्ये आलं. फायलींचा मजकूर लागेल तेव्हाच आणणारा आंशिक क्लोन आला आणि जानेवारी २०२० च्या २.२५ आवृत्तीत ठरावीक फोल्डरच मांडणारी ‘स्पार्स चेकआउट’ ही आज्ञा आली. शंभर फोल्डरांच्या साठ्यातून ज्या बिल्डला तीनच लागतात, त्याला याचा मोठाच आधार आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये गिटच्या २.३८ आवृत्तीबरोबर मोठ्या साठ्यांसाठीचं ‘स्केलर’ हे साधन मिळू लागलं. सुरुवातीचा मोठा गठ्ठा दुसऱ्या सर्व्हरवरून तयार घ्यायचा आणि मूळ सर्व्हरकडे फक्त उरलेलं मागायचं, ही ‘बंडल यूआरआय’ची सोयही त्याच आवृत्तीत आली.