यंत्राशी बोलताना (भाग ७) : खिशातली चिठ्ठी आणि पॅनेलवरची रेसिपी

बीड जिल्ह्याचं नाव निघालं की ऊसतोडीला परमुलखात जाणाऱ्या टोळ्या डोळ्यांपुढे येतात. खुद्द जिल्ह्यात तेलगावला, परळीजवळ पांगरीला साखर कारखाने उभे राहिले, हे मागे पडतं. गेल्या वेळी ऑपरेटर पॅनेलची ओळख झाली. आज त्यातली रेसिपी बघू, आणि त्यासाठी साखर कारखान्यातल्या सेंट्रिफ्युगलइतकं बोलकं यंत्र दुसरं नाही.

पाक आटवणाऱ्या पॅनमधून उतरलेलं मॅसिक्युट म्हणजे साखरेचे दाणे आणि मळी यांचा दाट लगदा. बॅच सेंट्रिफ्युगलची जाळीदार टोपली मिनिटाला साधारण दोनशे फेरे घेत असताना तो भरतात. मग वेग हजाराच्या वर नेतात, मळी जाळीतून बाहेर फेकली जाते. मध्येच काही सेकंद गरम पाण्याचा फवारा. शेवटी वेग पन्नासच्या आसपास आणून साखर खरवडून खाली पाडतात. भरणी किती, फवारा किती सेकंद, पूर्ण वेगावर किती वेळ, हे सगळे आकडे मिळून रेसिपी.

फवारा कमी पडला तर साखर पिवळट राहते. जास्त झाला तर साखरच विरघळून मळीत जाते. दोन-तीन सेकंदांचा हा खेळ रोज सारखा नसतो. मार्चच्या उन्हात तोडलेला ऊस पडून राहिला की रस बिघडतो, मॅसिक्युट चिकट होतं, मळी सुटायला वेळ लागतो. मुरलेला ऑपरेटर मग भरणी कमी करतो, फिरवणी वाढवतो, आणि ते आकडे चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवतो.

अशी चिठ्ठी मी एका कारखान्यात पाहिली आहे. पॅनेलवर दहा रकाने पक्के होते. दुसऱ्या फवाऱ्याची वेळ हा अकरावा आकडा हवा होता, पण त्यासाठी पॅनेलचा प्रोग्रॅमच बदलावा लागणार होता. लॅपटॉप घेऊन माणूस येईपर्यंत हंगाम उरकला.

चूक मांडणीची होती. प्रत्येक रकाना पडद्यावर आणि पीएलसीच्या, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या नियंत्रकाच्या, मेमरीतल्या ठरलेल्या पत्त्यावर खिळ्याने ठोकलेला. लवचीक मांडणीत तीन वेगळे तक्ते असतात. पहिल्यात घटकांची ओळख : क्रमांक, मराठी नाव, एकक, किमान-कमाल मर्यादा, दशांश किती, पीएलसीतला पत्ता. दुसऱ्यात रेसिपींची नावं. तिसऱ्यात अमुक रेसिपीत अमुक घटकाची किंमत. पडदा स्वतः काहीच पाठ करत नाही, पहिला तक्ता वाचून ओळी मांडतो. अकरावा घटक म्हणजे तक्त्यात एक नवी ओळ. अर्थात पीएलसीला त्या आकड्याचं काय करायचं हे आधी शिकवलेलं हवं, म्हणून शहाणा प्रोग्रॅमर सुरुवातीलाच चार-सहा जागा आणि टप्पे राखून ठेवतो.

दशांशाचा रकाना किरकोळ वाटेल, पण घात तिथेच होतो. सोळा बिटांच्या रजिस्टरमध्ये पूर्णांकच मावतो, ८.५ सेकंद तिथे ८५ म्हणून जातात. पॅनेलने दहाने गुणलं आणि पीएलसीने भागलं नाही, तर फवारा ८५ सेकंद चालेल.

दुसरी मेख आकडे पाठवण्याची. टोपली पूर्ण वेगात असताना निम्मे आकडे नवे आणि निम्मे जुने झाले तर? म्हणून पॅनेलने आधी सगळे आकडे पीएलसीतल्या राखीव जागेत उतरवायचे, पोहोचल्याची खूण करायची, आणि पीएलसीने मर्यादा तपासून ते पुढच्या फेरीच्या तोंडावरच उचलायचे. चालू घाण्यात हात घालायचा नाही.

रेसिपी आणि यंत्र वेगळं ठेवण्याचा हा विचार १९९५ च्या आयएसए-८८ मानकात पद्धतशीर मांडलेला आहे. रेसिपीतल्या आकड्यांना तिथे फॉर्म्युला म्हणतात, कामाच्या क्रमाला प्रोसिजर. मानक जाड आहे. आपल्याला एवढा भेद पुरतो.

राहिला हक्काचा प्रश्न. रेसिपी निवडणं ऑपरेटरकडे, बदलणं शिफ्ट इन्चार्जकडे, मर्यादा हलवणं इंजिनिअरकडे, अशी वाटणी बरी. मात्र पासवर्ड जाच वाटावा इतका कडक केला की चिठ्ठी पुन्हा खिशात जाते, असं माझं मत आहे. त्यापेक्षा प्रत्येक बदलाला आवृत्ती क्रमांक द्यावा आणि तो घाण्याच्या नोंदीत उमटू द्यावा. सकाळी लॅबमध्ये साखर पिवळी दिसली, तर पहाटे तीनच्या घाण्याला कोणती आवृत्ती चालू होती ते पॅनेलवरच कळतं.

पुढच्या आठवड्यात : अलार्मचा गोंगाट.